इंग्रजीच्या वर्गापर्यंतची वाट

'इंग्लिश विंग्लिश' आठवतो ना? २०१२ साली आलेला, श्रीदेवीचा. आपल्या पुण्याची शशी गोडबोले भाचीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला जाते. कॉफीच्या दुकानात तिची फजिती होते. मग रस्त्यातून जाणाऱ्या बसवर तिला जाहिरात दिसते, चार आठवड्यांत इंग्रजी शिका! लाडू विकून साठवलेले पैसे जवळ असतात, मुलं आणि नवरा अजून भारतातच असतात. शशी धीर करून फोन करते आणि वर्गाला जाऊ लागते. शेवटच्या भाषणाला थिएटरमध्ये किती रुमाल बाहेर निघाले होते! माझाही निघाला होता.

आता मात्र तो चित्रपट टीव्हीवर लागला की माझं लक्ष त्या जाहिरातीकडेच जातं. ती इंग्रजीत होती. शशीला निदान ती वाचता आली. जिला ती वाचताच येत नाही, तिनं वर्ग कसा शोधायचा?

माझ्यासाठी हा नुसता विचार करण्यापुरता प्रश्न नाही. नवऱ्याच्या नोकरीनिमित्त आम्ही इंग्लंडमध्ये, लीड्स-ब्रॅडफर्डच्या पट्ट्यातल्या एका लहान गावात राहतो. बाहेरच्या देशांतून आलेल्या बायकांच्या इंग्रजी वर्गात मी काही वर्षं स्वयंसेविका म्हणून जाते. शिकवायला प्रशिक्षित शिक्षिका असते. माझ्याकडे बाकीचं सगळं. अर्ज भरून देणं, आयांबरोबर आलेली पिल्लं सांभाळणं, चहा करणं आणि हिंदी येतं म्हणून दुभाषीपणा. मीरपूरच्या बायका मला 'बाजी' म्हणतात, जालंधरकडच्या 'दीदी'. सीरिया आणि एरिट्रियाहून आलेल्या नुसत्या हसतात, आणि तेवढं पुरतं.

इथे या शिक्षणाला 'ईसॉल' म्हणतात. 'इंग्लिश फॉर स्पीकर्स ऑफ अदर लँग्वेजेस' याचं ते लघुरूप. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. एंट्री वन, टू, थ्री आणि त्यावर लेव्हल वन, लेव्हल टू. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्स मिळून ८ लाख ८० हजार लोकांना इंग्रजी नीट बोलता येत नव्हतं आणि १ लाख ६१ हजार लोकांना अजिबात येत नव्हतं. म्हणजे दहा लाखांच्या वर माणसं. त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत आणि पुढाऱ्यांच्या भाषणांत एकच सूर असतो. इतकी वर्षं इथे राहून यांना भाषा शिकायचीच नाही! शिकायची नाही? आमच्या वर्गाची प्रतीक्षायादी बघायला या म्हणावं एकदा.

खरं दुखणं वेगळं आहे. वर्ग 'असणं' आणि वर्ग 'हाताशी असणं' यात जे अंतर आहे ना, त्या अंतरात बायका अडकतात. आमचा वर्ग पूर्वी वस्तीतल्याच एका सभागृहात भरायचा. घरून चालत पाच-सात मिनिटं. मग ज्या संस्थेकडे वर्ग होता तिनं खर्च वाचवायला तो शहरातल्या आपल्या मोठ्या इमारतीत नेला. कागदावर काहीच बिघडलं नाही. तास तेवढेच, शिक्षिका तीच, उलट खोली ऐसपैस आणि संगणक नवे कोरे. फक्त दोन बस बदलून जायचं. चौदा जणींपैकी पाच जणी तिकडे गेल्या. नाताळापर्यंत दोन उरल्या.

का, ते आयांना वेगळं सांगायला नको. मोठ्याची शाळा पावणेनऊच्या सुमारास भरते. तीन वर्षांच्या धाकट्याला इथे आठवड्याचे १५ तास मोफत बालवाडी मिळते, म्हणजे रोजचे साधारण तीन तास. पावणेबाराला त्याला घ्यायला दारात हजर राहायचं. मधल्या वेळात दोन बसनं जायचं, दोन तास शिकायचं आणि दोन बसनं परत यायचं! त्यात कडेवर आणखी धाकटं असेल तर बाबागाडी. बसमध्ये बाबागाड्यांना एक-दोनच जागा असतात, त्या भरल्या की ड्रायव्हर पुढच्या बसनं या म्हणतो. पाऊस तर इथे पाचवीला पुजलेला. एकदा उशीर झाला, दुसऱ्यांदा झाला की बाई लाजेनं जायचंच सोडते. हजेरीपटावर नुसती 'गैरहजर' अशी नोंद होते.

मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर अडचण आणखी गमतीची आहे. (गमतीची म्हणायचं एवढंच.) इंग्लंडमध्ये २०२४ पासून अगदी लहान मुलांच्या पाळणाघरालाही सरकारी मदत मिळू लागली, पण ती नोकरदार आईबापांना. दोघंही कमावते हवेत. आता इंग्रजी येत नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून पाळणाघर नाही आणि पाळणाघर नाही म्हणून इंग्रजीचा वर्ग नाही. ही साखळी मी एका अधिकारी बाईंना बोटांवर मोजून दाखवली. त्या म्हणाल्या, "हो, असं आहे खरं." बिचाऱ्या आणखी काय म्हणणार!

फी हा पुढचा उंबरठा. बेरोजगार आणि कमी पगाराच्या माणसांना वर्ग मोफत मिळतो, पण तसा पुरावा लागतो. पगाराची चिठ्ठी नवऱ्याच्या नावावर, घराचं बिल नवऱ्याच्या नावावर, पासपोर्ट कपाटात आणि कपाटाची किल्ली सासूकडे. सगळ्याच घरांत असं असतं असं नाही हं, पण ज्या घरात असतं तिथे नाव नोंदवणं ही बाईची एकटीची गोष्ट उरत नाही. शिवाय निर्वासित सोडले तर सर्वसाधारणपणे देशात तीन वर्षं काढल्याशिवाय सरकारी पैशातून शिकता येत नाही. म्हणजे भाषेची गरज सगळ्यात जास्त असते ती पहिली तीन वर्षं बाई घरात बसून काढते. तोवर तिला घरात बसायची सवयही लागलेली असते.

एवढं करून ती पोचली तर वर्ग कोणता मिळतो, हाही प्रश्न आहेच. इंग्रजी अजिबात येत नाही या एका खाली गावाकडे कधीच शाळेत न गेलेली बाई आणि दमास्कसला शाळेत शिकवणारी बाई एकाच बाकावर बसतात. पहिलीला पेन्सिल कशी धरायची इथपासून सुरुवात हवी असते. दुसरी महिन्याभरात पुढे पळते. एका सिल्हेटच्या बाईनं पहिल्या दिवशी वही उलटी धरली होती. कोणी हसलं नाही, पण तिला ते कळलं. मग तिच्याशेजारी बसून मी आठवडाभर नुसत्या उभ्या-आडव्या रेघा काढून घेतल्या, आपल्याकडे बालवर्गात घेतात तशा.

आणि वर्ग नसेल तर काय जातं? एका मीरपूरच्या बाईबरोबर मी दवाखान्यात गेले होते, तेव्हा तिनं सांगितलेली ही गोष्ट. आधीची तीन वर्षं ती डॉक्टरकडे नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन जायची. मुलगी शाळा बुडवून आईची दुभाषी! इथल्या आरोग्यसेवेचा नियम असा की दुभाषी मोफत मागता येतो आणि मुलांना या कामाला लावू नये. पण दुभाषी मागायचा तोही फोनवर, इंग्रजीत. पाळीच्या वेळी तिला फार रक्तस्राव व्हायचा. ते नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडून पुरुष डॉक्टरला कसं सांगायचं? ती पोटात दुखतं एवढंच सांगायची आणि डॉक्टर पोटदुखीची गोळी द्यायचे. "बाजी, बच्ची के सामने कैसे बोलती?" ती मला म्हणाली. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन इतकं उतरलेलं निघालं की डॉक्टरीण बाईंनी दोनदा कागद पाहिला. तीन वर्षं त्या बाईला धाप लागत होती. तिच्या घरातल्यांना ती आळशी वाटत होती.

या बायकांना भाषा शिकवायचे प्रयत्न इथे नवे नाहीत. १९६५ साली बीबीसीनं भारत-पाकिस्तानातून आलेल्यांसाठी खास कार्यक्रम सुरू केले. त्यातल्या एकाचं नाव होतं 'अपना ही घर समझिए'. किती आर्जवी नाव! १९७७ मध्ये आशियाई बायकांनी इंग्रजी शिकावं म्हणून 'पडोसी' नावाची मालिकाच काढली. त्या काळात अनेक गावांत इंग्रज बायका आठवड्यातून एकदा शेजारणीच्या घरी जाऊन, स्वयंपाकघरात बसून तिला शिकवायच्या. आपल्याला त्या काळातलं काय माहीत, तर 'माइंड युवर लँग्वेज' आणि त्यावरून दूरदर्शनवर आलेलं 'जबान संभाल के'. हसून हसून पोट दुखायचं. आता त्यातली साडी नेसून विणकाम करत बसणारी बाई पाहिली की मला वाटतं, ही निदान वर्गात येऊन बसली तरी आहे.

पुढे २००१ मध्ये सरकारनं प्रौढांच्या मूलभूत शिक्षणाची मोठी योजना आणली आणि ईसॉल मोफत झालं. गर्दी एवढी झाली की २००७ मध्ये सरसकट मोफत शिक्षण बंद केलं. २०१० ते २०१६ या काळात तर इंग्लंडमधला ईसॉलचा सरकारी निधी निम्म्याहून खाली आला. आणि त्याच काळात परीक्षा मात्र वाढत गेल्या. नोव्हेंबर २०१० पासून नवऱ्याकडे किंवा बायकोकडे येणाऱ्याला व्हिसासाठी प्राथमिक इंग्रजीची परीक्षा, ऑक्टोबर २०१३ पासून कायम वास्तव्यासाठी त्यावरची पातळी. जानेवारी २०१६ मध्ये त्या वेळचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी मुस्लिम बायकांच्या इंग्रजीसाठी २ कोटी पौंड जाहीर केले, आणि त्याच वेळी इंग्रजी सुधारलं नाही तर देशात राहता येईलच असं नाही, असा इशाराही दिला. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेतले प्रस्ताव आणखी पुढचे. कायम वास्तव्यासाठीची पातळी आणखी वर न्यायची आणि नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्यांच्या जोडीदारांनाही इंग्रजीची अट घालायची. अट घालायला माझी ना नाही. राहायचं त्या देशाची भाषा यायलाच हवी, आपणही महाराष्ट्रात हेच म्हणतो. पण परीक्षा घेणाऱ्यानं शाळा कुठे आहे तेही सांगावं की नाही?

आता आपल्या मराठी बायकांबद्दल. हैदराबाद, बंगलोर, पुण्याहून संगणकवाल्यांची कुटुंबं इथे येतात, त्यात आपल्या मुली पुष्कळ. बी.कॉम., एम.एस्सी. झालेल्या. इंग्रजी पेपर वाचतात, अर्ज बिनचूक भरतात आणि फोन वाजला की नवऱ्याकडे सरकवतात! मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलींना यॉर्कशायरचे उच्चार सुरुवातीला कळतच नाहीत. बसचा ड्रायव्हर "लव" म्हणून हाक मारतो तेव्हा एक जण घाबरून मागे सरकली होती. मूल आजारी म्हणजे 'पुअरली' आणि 'टी'ला बोलावलं म्हणजे संध्याकाळचं जेवण, हे कुठल्या पुस्तकात असतं? आमच्याकडे या म्हटलं की उत्तर येतं, "अहो काकू, मी ग्रॅज्युएट आहे, त्या वर्गात कशी बसू?" त्यांच्यापैकी बहुतेकींना तीन वर्षांच्या अटीमुळे सरकारी वर्ग मिळतच नाही, हे खरं. पण संकोचाचा वाटाही मोठा आहे. मग आम्ही वाचनालयात शनिवारी नुसत्या गप्पांचा गट सुरू केला. पुस्तक नाही, फळा नाही, परीक्षा नाही. निवृत्त इंग्रज आज्या विणकाम घेऊन येतात आणि आपल्या मुली त्यांच्याशी बोलतात. तिथे 'वर्ग' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरत नाही.

आपल्या गोव्याचेही लोक या देशात खूप आहेत. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. त्या पासपोर्टवर ब्रेक्झिट होईपर्यंत हजारो गोवेकर इथे आले. दक्षिणेकडच्या स्विंडन शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. कारखान्यांत, गोदामांत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या माणसाची अडचण बायकांपेक्षा वेगळी. एक आठवडा सकाळची पाळी, दुसरा रात्रीची. मंगळवार-गुरुवार दहाचा वर्ग त्याच्या काय कामाचा? आमच्या भागातल्या गोदामांमधलं चित्रही हेच आहे, आणि त्यावर आम्हाला अजून तोड सापडलेली नाही. जिथे मालकानं कामाच्या जागी, कामाच्या वेळेत तासभर दिला तिथेच ते जमतं, आणि असे मालक थोडे.

तर आम्ही काय केलं? वर्ग शहरात गेल्यावर आम्ही चार-पाच जणी वस्तीतल्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे गेलो. त्यांचाही स्वार्थ होता, कारण पालकांना चिठ्ठ्या पाठवून उत्तरं येत नव्हती. त्यांनी पालकांसाठीची खोली सकाळी दिली. स्थानिक कौन्सिलच्या प्रौढशिक्षण विभागानं शिक्षिका दिली. वेळ ठरली सव्वानऊ ते सव्वाअकरा. मोठ्याला वर्गात सोडायचं आणि तसंच आत यायचं, बस नाही, बाबागाडीची रांग नाही. शेजारच्या खोलीत आम्ही मुलं सांभाळतो. त्यासाठी आम्हा सगळ्यांची पोलिसांच्या नोंदीतून तपासणी झाली, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं, आणि ते योग्यच आहे.

इंग्रजी पत्रकं छापणं बंद केलं. त्याऐवजी वर्गातल्याच बायकांनी पंजाबी, बंगाली आणि अरबीतून मिनिटभराचे निरोप बोलून ठेवले, ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. वाचता येण्याची गरजच नाही. आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते शाळेच्या फाटकाशी उभं राहणं. सव्वातीनला सगळ्या आया तिथे असतात. सासवाही असतात. सासूला आधी नमस्कार-सलाम करायचा, खोली दाखवायची, आत फक्त बायकाच आहेत हे तिला डोळ्यांनी बघू द्यायचं. पुढचं काम ती करते. एक सासूबाई तर "मैं भी बैठूँ?" म्हणून बसल्या त्या बसल्याच.

अभ्यासही आम्ही बायकांना विचारून ठरवतो. पहिल्या सत्रात त्यांनी काय मागितलं? सकाळी आठ वाजता दवाखान्यात फोन लावून अपॉइंटमेंट घेणं. इथे बहुतेक ठिकाणी आठ वाजता फोन सुरू होतात आणि साडेआठला वेळा संपतात. महिनाभर वर्गात तेच. मी रिसेप्शनिस्ट, शिक्षिका रिसेप्शनिस्ट, भराभर बोलायचं, मध्येच "होल्ड द लाइन प्लीज" म्हणून थांबवायचं. ती मीरपूरची बाई, रक्तस्रावाची, तिनं एका सोमवारी खरा फोन केला. 'हेवी ब्लीडिंग' हे दोन शब्द तिनं तळहातावर उर्दूत लिहून ठेवले होते. बाई डॉक्टर हवी हेही तिनं मागून घेतलं. मुलगी त्या दिवशी शाळेत होती.

आता आमची मागणी एकच आहे, सगळ्या वर्गांची मिळून एक यादी असावी. आज कॉलेजची यादी वेगळी, कौन्सिलची वेगळी, चर्च आणि मशिदीतल्या वर्गांची वेगळी. एक बाई चार ठिकाणी नाव घालते, चार ठिकाणी तीच चाचणी देते. वेल्समध्ये कार्डिफला 'रीच' नावाचं केंद्र आहे. तिथे एकाच ठिकाणी चाचणी होते आणि मग बाईला घराजवळचा, तिच्या पातळीचा वर्ग सुचवतात. आमच्याकडे वेस्ट यॉर्कशायरला प्रौढशिक्षणाचा निधी २०२१ पासून महापौरांच्या प्राधिकरणाकडे आला आहे, त्यामुळे निर्णय घ्यायला लंडनकडे बघावं लागत नाही. पत्रं देऊन झाली आहेत. एका सभेत मीही बोलले, बोलताना पाय लटपटत होते ते टेबलामुळे दिसले नाहीत.

तूर्तास प्रश्न आहे तो सप्टेंबरचा. आमच्या सात जणी एंट्री वन पास झाल्या. परीक्षेच्या दिवशी शाळेत समोसे, बकलावा आणि मी केलेल्या नारळाच्या वड्या असा बेत होता. पण शाळेतली खोली लहान आहे, शिक्षिकेचे तास मोजके आहेत, तिथे एंट्री टू सुरू करता येत नाही. एंट्री टूचा वर्ग शहरातल्या त्याच मोठ्या इमारतीत आहे, दोन बसच्या अंतरावर. एकीचा नवरा टॅक्सी चालवतो, पण रात्रपाळी करून सकाळी तो झोपलेला असतो. वस्तीच्या टोकाला असलेल्या चर्चच्या सभागृहात मंगळवारी सकाळी जागा रिकामी असते, असं वाचनालयातल्या एका आजींनी सांगितलंय. पुढच्या आठवड्यात मी तिथल्या पाद्रीबाईंना भेटायला जाणार आहे. बरोबर सातांपैकी दोघी येणार आहेत. बोलणार त्याच, मी फक्त सोबतीला.